फिलूचा थांबा

फोन जेनीवहिनीचा होता. जेनी म्हणजे माझी मैत्रीण फिलू हिची भावजय. ती मला कधी फोन करत नाही, सकाळी तर नाहीच, कारण सकाळी दोघी नणंद-भावजया वसईला पाचूबंदरच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात असतात. मागे गलका चालू होता. "बाय, फिलू थांबली गं… ती थांबलीच," एवढंच ती बोलली. लिलावात थांबणं ही फिलूची खासियत, तेव्हा मी विचारलं, "मग? भाव चढला का?" पलीकडून रडणं आलं.

त्याला काही आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, एवढी तरुण मुलगी, अचानक कशी गेली? या 'अचानक'ची मला चीड येते. फिलूच्या बाबतीत काहीही अचानक झालेलं नाही. ते वर्षानुवर्षं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत होतं.

फिलू तान्ही असताना रडली की निळी पडायची. हृदयात भोक होतं आणि हृदयातून फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद होती. शाळेत घालायच्या आधीच मुंबईत ऑपरेशन झालं. भोक बुजवलं, वाट कापून रुंद केली. आमच्याकडे दुखणारा अवयव बरा झाला की सणाच्या दिवशी चर्चमध्ये तोच अवयव मेणाचा करून वाहतात. फिलूच्या आयने मेणाचं हृदय वाहिलं. नवस फिटला, दुखणं मिटलं. पुढे कुणी म्हणालं की पोरीला एकदा दाखवून आण, तर आय फणकारायची, "देवाला दिलेलं परत तपासायला न्यायचं? त्याला काय वाटंल?" मी आयवर रागावू शकत नाही. ती वाट रुंद करताना तिथली झडप निकामी होते, मोठेपणी नवी बसवावी लागू शकते, म्हणून जन्मभर तपासत राहायचं असतं, हे तिला समजेल अशा शब्दांत कुणी सांगितलं होतं? 'ऑपरेशन यशस्वी' म्हणाले आणि घरी पाठवलं. माझा राग त्यांच्यावर आहे.

शाळेत आम्ही एका बाकावर. मी भुईगावची, ती बंदरावरची. पळायची वेळ आली की फिलू बुटाचे बंद बांधत बसायची. पुढे तिने आयची लिलावाची जागा घेतली, आणि तिथे तिचं नाव झालं. टोपली पुढे ओढायची, भाव पुकारायचा, "एक वार… दोन वार…" आणि थांबायचं. टोपलीच्या काठावर हात, नजर समोर. त्या थांब्यात भल्याभल्यांचा धीर सुटायचा आणि बोली वर जायची. "हिच्या पोटात काय चाललंय कलत नाय बा," व्यापारी म्हणायचे. इतर लिलाववाल्या तिची नक्कल करायला लागल्या. फिलूलाही ती आपली हुशारीच वाटायची. खरं तर तिला पुढचे दोन शब्द बोलायला श्वास पुरत नव्हता.

पाय सुजायला लागले तेव्हा कुणी दम्याचा पंप दिला, कुणी रक्त वाढायच्या गोळ्या. शेवटी मीच तिला ओढत मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. झडप मिटतच नाही, पुढे ढकललेलं रक्त मागे येतं, आणि ते झेलून झेलून हृदयाचा उजवा कप्पा ताणलाय. काही जणांना पायाच्या शिरेतून नवी झडप बसवता येते, हिच्या हृदयाची ठेवण तशी नाही, छाती उघडावी लागेल. कप्पा आणखी ताणला तर नवी झडप बसवूनही तो पूर्ववत होईलच असं नाही. ठोके बिघडायला लागलेत. लवकर करा.

"लवकर म्हंजे बोटी वर ओढल्या की," फिलू म्हणाली.

तिथून परत येईपर्यंत आम्ही गाडीत भांडलो. धक्क्यावर रीत अशी की भर हंगामात पुकारणारी जागेवरून हलली तर बोटवाले आपली मासळी दुसरीच्या पुढ्यात ओततात, आणि एकदा गेलेली बोट परत येत नाही. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर असतात, तेव्हा कुणाचं काही जात नाही. म्हणून तोवर थांबायचं! मी म्हणाले, "जागा जाईल म्हणून जीव घालवणार?"

"ए पत्रकवाली, तुझी पत्रकं पावसात वाट. माझी पापलेटं थांबत नाय." मी गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढून वाटते, त्यावरून हे नाव.

"जेनीवहिनी पुकारेल की."

"ती? ती गाडी पकडायची असल्यागत पुकारते. भाव चढायच्या आत तीन वार!"

हसली, आणि हसताना धाप लागली म्हणून खिडकीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर मी रोज मेसेज टाकायचे. ती उत्तरात बोंबलांचे फोटो पाठवायची.

त्या सकाळचं जेनीवहिनीने नंतर सांगितलं. मोठी पापलेटं आली होती. फिलू म्हणाली, "एक वार… दोन वार…" आणि थांबली. टोपलीच्या काठावर हात. एकाने बोली वाढवली. फिलू गप्प. दुसऱ्याने वाढवली, पहिल्याने आणखी. लोक हसत होते, आज फिलू कुणाला सोडत नाय म्हणून. मग ती टोपलीवर ओणवी झाली, आणि तरीही मागून एकाने बोली लावली…

कुणालाही कळलं नाही. कसं कळणार? तिची धाप हा त्यांच्या बाजाराचा कायदा झाला होता.

लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेली माणसं या तालुक्यात किती घरांत असतील? 'बरी झाली' असं समजून त्यांना कुणी तपासत नाही. पंप मारून, चढावर बसून, बुटाचे बंद बांधून ती दिवस काढतात. त्यांना शोधा. आयांना त्यांच्या बोलीत सांगा. मुंबईला न जाता इथेच तपासणी होऊ द्या. हे मी पत्रकात छापलंय, इथेही लिहितेय, आणि ऐकेपर्यंत लिहीन.

परवा धक्क्यावर गेले. फिलूच्या जागी आता जेनीवहिनी पुकारते. टोपली ओढली, भाव सांगितला, "एक वार… दोन वार…" आणि थांबली. अगदी फिलूएवढीच. तिच्या हृदयाला काही झालेलं नाही, पण त्या जागेवरून गिऱ्हाइकांना तो थांबा लागतो. बोली वर चढू लागली.

बाजूला कोळंबी निवडत बसलेल्या आयचा हात थांबला. ती उठून उभी राहिली, आणि "तीन वार" ऐकू आल्यावरच खाली बसली. मग पुढची टोपली आली.