मोरी-सानच्या बाल्कनीतली डिश

"कधीपासून?"

काकूंचा पहिला प्रश्न नेहमी हाच. कुणाचा गुडघा दुखत असो, लिफ्ट कुरकुरत असो, की कुणाची लेक शाळेतून गप्प गप्प येत असो, काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कधीपासून?" उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न, "मग त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?"

इथे जपानात, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांचे आईवडील तीन-तीन महिन्यांसाठी येतात. तुम्हीही पाहिले असतील असे. सकाळी बागेत फेरी, दुपारी भारतात फोन, मग मुलं ऑफिसातून येण्याची वाट. काकू म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सहकाऱ्याची आई. पुण्याजवळच्या एका उपग्रह केंद्रात त्यांनी तीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही आपलं त्यांना चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारत होतो. ते त्यांना येत नव्हतं.

एकदा त्या खालच्या रस्त्यावर उभ्या राहून समोरच्या इमारतीकडे टक लावून बघत होत्या. मी विचारलं, "काकू, काय बघताय?"

"अगं, सगळ्या डिश नैऋत्येला तोंड करून बसल्यात. म्हणजे तो तिकडेच असणार."

"कोण?"

"उपग्रह गं!"

माझ्या शेजारी मोरी-सान, म्हणजे मोरीबाई, राहायच्या. वय ऐंशीच्या घरात, एकट्याच. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मे महिन्यातल्या एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि दोनतीनदा वाकून माफी मागून झाल्यावर म्हणाल्या की टीव्हीवर उपग्रहाच्या वाहिन्या दिसत नाहीत. दुकानवाला दहा दिवसांनी माणूस पाठवणार होता. तोवर सगळं संपून जाईल.

सगळं म्हणजे सुमोची स्पर्धा. त्यांचा नातू खालच्या गटात होता. त्या गटातल्या पैलवानाला पंधरा दिवसांत सातच कुस्त्या मिळतात आणि टीव्हीवर त्या फक्त उपग्रह वाहिनीवर दिसतात. नातू तीन जिंकला होता, तीन हरला होता. सातवी दुसऱ्या दिवशी दुपारी. ही हरलो तर सुमो सोडतो, असं त्यानं आजीला सांगून ठेवलं होतं. माझ्या मोबाइलवर बघू या म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. एवढ्याशा चौकोनात त्यांना तो ओळखू आला नसता.

मी वर जाऊन काकूंना घेऊन आले. त्यांनी सलवार-कमीजची ओढणी कमरेला बांधली आणि विचारलं, "कधीपासून?" मी जपानीत विचारलं.

"रविवारपासून."

"शनिवारी काय झालं?"

मोरी-साननी आठवून बघितलं. काही नाही. वारा नाही, पाऊस नाही, मुलगी येऊन जेवून गेली, एवढंच.

काकू बाल्कनीत गेल्या. डिश जुनी, कडेला गंजलेली. पण समोरच्या डिशांसारखीच नैऋत्येला बघत होती आणि स्क्रूंवरचा जुना रंग कुठे तडकलेला नव्हता. "हिला कुणी हलवलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग वायरचं टोक उघडलं. आत हिरवट थर होता. "सापडलं!" म्हणत त्यांनी तो खरवडला, टोक परत बसवलं. आत टीव्हीवर सिग्नलचा आकडा होता शून्य. होता तसाच.

"चुकले," काकू म्हणाल्या आणि चक्क खूश दिसल्या.

मग त्या टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. टीव्हीखालच्या फळीवर बारीक धूळ होती, पण मधोमध एक चौकोन स्वच्छ होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथे काय होतं?"

रेकॉर्डर होता. बिघडला म्हणून शनिवारी मुलीनं काढून नेला होता आणि वायर सरळ टीव्हीला लावून दिली होती.

"उपाशी आहे हो ती!" काकूंनी मांडीवर थाप मारली. "अगं, डिशला थोडी वीज लागते. ती याच वायरीतून वर जाते. इतकी वर्षं रेकॉर्डर देत होता. टीव्हीला कुणी सांगितलंच नाही, आता तू दे म्हणून. सेटिंगमध्ये शोध, अँटेनाची वीज."

मी शोधून ती चालू केली. आकडा उसळला. काकू पाना घेऊन पुन्हा बाल्कनीत गेल्या आणि डिश केसभर सरकवू लागल्या. मी मराठीत आकडे ओरडत होते, शेजारी मोरी-सान तेच आकडे जपानीत. चित्र आलं तेव्हा कुणीतरी भाताची शेती दाखवत होतं. तिघी ते डोळे भरून बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली. नातू रिंगणात आला, मीठ उधळणं नाही, थाटमाट नाही, खालच्या गटाला ते नसतं. सहा-सात सेकंदांत तो रिंगणाबाहेर फेकला गेला. उठला, वाकला, निघून गेला.

मोरी-सान पडद्याकडेच बघत राहिल्या. काकू मला हळूच म्हणाल्या, "विचार ना त्यांना, टीव्ही लागला नसता तर बरं झालं असतं का?"

विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं. मोरी-साननी काकूंचा हात दोन्ही हातांत धरला.

"मी न बघता हरला असता, तर एकटाच हरला असता."

मी मराठीत सांगितलं. काकूंनी मान खाली घातली.

नातवानं सुमो सोडलं. त्याला घेऊन मोरी-सान वर काकूंकडे चहाला गेल्या तेव्हा काकूंनी त्याला रिंगणात पाय कसे रोवतात यावर तासभर प्रश्न विचारले. पुढच्या महिन्यात नव्वद दिवस भरले आणि त्या पुण्याला परतल्या.

यंदा त्या येणार होत्या. तिकीटही काढलं होतं. मार्चमध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. मुलानं मला जिन्यात सांगितलं. मोरी-सानना सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि फोटो मागितला. माझ्या मोबाइलमध्ये एकच निघाला, त्या दिवशी बाल्कनीत मी गंमत म्हणून त्यांच्या मुलाला पाठवायला काढलेला. त्यात काकूंचा चेहराच नाही. कमरेला ओढणी, वाकलेली पाठ, हातात पाना. मी म्हटलं, त्यांच्या मुलाकडून चांगला मागवते.

"नको," मोरी-सान म्हणाल्या. "हाच द्या. यात त्या कामात आहेत."