बायको आणायचं पत्र

न्हाव्याच्या खुर्चीत आणि पगार खात्यात माणूस मान खाली घालूनच बसतो. त्यामुळे आमच्याकडे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, जुन्या कोटाच्या खिशात तिकिटं साठतात तसे.

मी जर्मनीत र्युसेल्सहाइमला एका इंजिनियरिंग कंपनीत पगार खात्यात आहे. कंपनी मोटारींच्या भागांची डिझाइनं करते, त्यामुळे पुणे-नाशिककडची मुलं भरपूर. सगळे मला मेधाताई म्हणतात, आणि एरवी कँटीनमध्ये ओळखही देत नाहीत. ओळख लागते ती लग्न ठरलं की. बायकोला इथे आणायचं आणि पुढे तिला कायम राहायचा परवाना मिळवून द्यायचा, तर आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांचं सरकारी ऑफिस, एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतं: हिला पोसणार कशावर? उत्तरादाखल पगाराच्या स्लिपा लागतात आणि कंपनीचं पत्र लागतं, की हा माणूस नोकरीत कायम आहे, पगार इतका आहे आणि त्याने राजीनामा दिलेला नाही. ते पत्र मी करते. मुलांनी त्याला नाव ठेवलंय, बायको आणायचं पत्र.

गणपतीच्या आरतीनंतर जो तो आपल्या पगाराचे आकडे हवेत सोडत असतो. पत्र मागायला येताना तोच माणूस दार लोटून घेतो आणि हळू आवाजात बोलतो. नावं बदलून सांगते. पगार बदलायची गरज नाही, ते त्यांनी आधीच बदलून सांगितलेले असतात.

*

निखिलचं लग्न सांगलीला ठरलं. मुलाने सासऱ्यांना पगार सांगितला तो कर कापायच्या आधीचा, वर्षाचा, रुपयांत, वर बोनस धरून. बोनस त्याला अजून एकदाही मिळाला नव्हता.

पत्र न्यायला आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की व्हिसाचा अर्ज मुलगी करणार. म्हणजे त्याच्या स्लिपा आधी सांगलीला जाणार आणि मग मुंबईच्या वकिलातीत.

"ताई, तुम्ही थेट वकिलातीत पाठवू शकता का? सीलबंद?"

"नाही. फाइल मुलगी घेऊन जाते."

"पण स्लिप जर्मनमध्ये असते. ब्रुटो, नेटो, कापायच्या आधीचं नि नंतरचं, हे त्यांना काय कळणार?"

"सासरे काय करतात?"

"रिटायर झालेत. बँकेत होते."

"बँकेत कुठे?"

"कर्ज विभागात," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं.

स्लिपा गेल्या. चार दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. निखिलने नंतर स्वतःच मला सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार? सासरे अगदी शांतपणे म्हणाले, "जावईबापू, कागद पाहिले. तुम्ही सांगितला तो पगार आणि कागदावरचा पगार यांच्यामध्ये आणखी एका माणसाचा पगार बसतो. तो माणूस कोण?"

लग्न झालं. मुलगी समजूतदार निघाली. सासरे अजून मार्च महिन्यात फोन करून विचारतात, बोनस आला का.

*

एकाने मला विचारलं होतं, "ताई, पत्रात माझ्या हुद्द्याच्या आधी 'सीनियर' घालता येईल का?"

मी म्हटलं, "त्या ऑफिसला हुद्द्याशी काही घेणं नसतं. ते फक्त रक्कम बघतात."

"ऑफिससाठी नाही हो. बायको वाचणार आहे."

*

या ऑफिसचंही कौतुक सांगायला हवं, नाहीतर वाटेल मी फक्त आपल्याच लोकांना बोलते.

संदीप आमच्या टेस्ट लॅबमध्ये टेक्निशियन. पगार बेताचा, मुलगा सरळ. एका खोलीच्या घरात राहायचा. बायको वृषाली साताऱ्याला. तिने अर्ज केला तर इथल्या ऑफिसने याला कळवलं की दोघांसाठी जागा कमी पडते. याने तीन महिने वणवण करून दोन खोल्यांचं घर मिळवलं. इथे घर मिळणं म्हणजे काय ते ज्याने शोधलंय त्यालाच माहीत. नवा भाडेकरार घेऊन हा गेला, तर खिडकीमागची बाई म्हणाली, "हो, आता जागा पुरेशी आहे. पण एवढं भाडं गेल्यावर उरलेलं उत्पन्न पुरेसं नाही."

संदीप म्हणाला, "लहान घर होतं तेव्हा उत्पन्न पुरत होतं का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "तेव्हा पुरत होतं." आणि तिने पुढचा नंबर पुकारला.

तो माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता. वृषालीशी फोनवर बोलताना त्याने हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली होती, "मी उंचीला कमी आहे, तेवढं त्यांना सांगून बघ." मला हसू आलं, त्याला नाही आलं. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि दोघं एकत्र राहिले होते एकूण एकोणीस दिवस.

मी त्याच्या स्लिपा काढून बसले. शिफ्टचा भत्ता दर महिन्याला मिळत होता, पण आमच्या पत्राच्या छापील नमुन्यात त्याला जागाच नव्हती. मी नमुना बाजूला ठेवला आणि स्वतंत्र वाक्य लिहिलं, की हा भत्ता नियमित आहे आणि पुढेही मिळत राहील. साहेबांची सही घेतली. तेवढ्याने काम झालं. म्हणजे संसार अडला होता तो एका वाक्यावर.

वृषाली आली. विमानतळावरून घरी पोचली, दोन्ही खोल्या फिरून बघितल्या, स्वयंपाकघराचं दार उघडून बघितलं आणि म्हणाली, "एवढं मोठं कशाला घेतलंस? भाडं किती?"

*

मी तरी कुठून मोठी शहाणी? माझा नवरा ऊवे जर्मन, जन्म इथलाच, सुतारकाम करतो. आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या आबांनी नाशिकला सगळ्यांना सांगितलं की जावई फर्निचर इंजिनियर आहे.

तीन वर्षांनी मी कायमच्या परवान्यासाठी अर्ज केला. ऊवेचा स्वतःचा व्यवसाय, त्यामुळे उन्हाळ्यात कामं जोरात आणि हिवाळ्यात हात बांधून बसायचं. टेबलामागचा माणूस त्याच्याच शाळेतला, दोन वर्गांनी पुढे. त्याने कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "ऊवे, हे उत्पन्न बायकोला पोसायला पुरेसं नाही."

ऊवे गाडीत बसला आणि किल्ली हातातच धरून राहिला. मग म्हणाला, "माझ्या गावात, माझ्या शाळेतला माणूस मला विचारतो, बायकोला जेवायला घालतोस का." मी म्हटलं, रोज तूच तर स्वयंपाक करतोस. पण ते त्याला ऐकू गेलं नाही. त्या वर्षी तो रविवारीही वर्कशॉपमध्ये जायला लागला, आणि मी हिशेबाचा कोर्स करून ही नोकरी धरली. वर्षभराने परवाना मिळाला तो माझ्या पगारावर.

मधल्या काळात आबांना फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे उत्पन्न कमी त्याचं, आणि कागद अडवला तुझा. त्याला मात्र राहू देतात?"



*

मंदार आमच्याकडे टीम लीडर. आवाज मोठा, गाडी मोठी. त्याची बायको पल्लवी एका बेकरीत सकाळी पाव विकायची. नाशिकला ती शाळेत शिक्षिका होती, पण इथे त्या डिग्रीला कुणी विचारेना. चार लोक जमले की मंदार म्हणायचा, "पल्लवी जाते आपली, हौस म्हणून." ती ऐकून घ्यायची आणि पोहे वाढायची.

पल्लवीचा कायमच्या परवान्याचा अर्ज चालू असतानाच कंपनीच्या ऑर्डरी आटल्या आणि कुर्त्सआर्बाइट लागलं, म्हणजे काम कमी, तास कमी, पगार कमी. मंदार आठवड्याला दोन दिवस कामावर यायला लागला. परवान्याच्या ऑफिसने ताज्या स्लिपा मागितल्या. मी त्या काढून दिल्या तेव्हा त्याने पाकीट माझ्यासमोर उघडलं नाही.

पुढचं मला पल्लवीने सांगितलं. खिडकीपाशी मंदारच बोलत होता. पलीकडची बाई आकडे मांडत गेली आणि शेवटी तिने मान हलवली, पुरत नाही. मग तिने विचारलं, "तुमच्या पत्नीला काही उत्पन्न?"

मंदार म्हणाला, "किरकोळ आहे."

पल्लवीने पर्समधून फोल्डर काढला. तीन वर्षांच्या स्लिपा, महिन्यांच्या क्रमाने लावलेल्या, एकही गहाळ नाही. बाईने त्या आकड्यांत मिळवल्या, आणि म्हणाली, "आल्झो, म्हणजे आता बसतं."

परत येताना गाडीत मंदारने रेडिओ लावला, असं पल्लवी म्हणाली.

महिन्याभराने एकाच्या घरी वाढदिवस होता. मीही होते. यजमानांनी सहज विचारलं, "काय मंदारराव, हल्ली ऑफिसला जाता की नाही?" मंदार उत्तर जुळवत होता, तेवढ्यात पल्लवीने हातातली वाटी खाली ठेवली. "जातो ना," ती म्हणाली. "आठवड्यातून दोन दिवस. हौस म्हणून."

*

शलाका आमच्या डिझाइन विभागात आहे. हुशार, कमी बोलणारी, आणि या सगळ्या बाप्यांपेक्षा पगार जास्त. हे मला आधीपासून ठाऊक होतं, त्यांना पुढे कळलं आणि झोंबलं. तिने नवऱ्याला इथे आणलं, अजयला. तो जळगावला बँकेत अधिकारी होता. इथे आल्यावर जर्मन शिकला आणि एका गोदामात अर्धवेळ सामान लावायचं काम धरलं. कँटीनमध्ये आमचे वीर त्याला 'मिस्टर शलाका' म्हणायचे. शलाकाच्या सासूबाई गावी सांगायच्या, की माझ्या अजयने बायकोला परदेशी नेलंय. अजय दोन्हीकडे हसून ऐकून घ्यायचा.

अजयला येऊन तीन वर्षं झाली. त्याच्या कायमच्या परवान्याची तारीख पुढच्या सोमवारची होती, आणि मंगळवारी शलाका माझ्याकडे पत्रासाठी आली.

"शुक्रवारपर्यंत मिळेल ना, ताई?"

"मिळेल. नेहमीचाच मजकूर. नोकरी कायम, राजीनामा दिलेला नाही."

ती उठली नाही. मग म्हणाली, "आजपर्यंत तरी दिलेला नाही." बॉनच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. अजयला परवाना मिळाला की ती इथला राजीनामा देणार होती आणि बॉनला जाणार होती. एकटी.

मी विचारलं, "भांडण झालं का?"

"नाही. भांडायला तरी काहीतरी बोलावं लागतं. आम्ही भाजी काय आणायची तेवढंच बोलतो."

"मग आत्ताच का नाही जात?"

"त्याने माझ्यासाठी बँकेतली नोकरी सोडली, ताई. त्याला दर वर्षी परवाना वाढवत फिरावं लागेल, अशा कच्च्या कागदावर मी त्याला टाकून जाणार नाही. पक्का कागद त्याच्या हातात देते, मग माझी सुटका."

"त्याला माहीत आहे?"

"मी सांगितलेलं नाही," ती म्हणाली, आणि डोळे न पुसता निघून गेली.

पत्र मी बुधवारीच तयार केलं. त्यातलं प्रत्येक वाक्य त्या दिवशी खरं होतं.

गुरुवारी दुपारी अजय आला. गोदामातून थेट आला होता, अंगात ते पिवळं जाकीट तसंच होतं. मला वाटलं, पत्र न्यायलाच आला असेल, म्हणून मी पाकीट पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. खुर्चीच्या कडेवर बसला, हातमोजे काढून मांडीवर ठेवले, एकावर एक, नीट.

"सोमवारची तारीख चुकली तर पुढची चार-पाच महिन्यांनी मिळते म्हणतात," तो म्हणाला.

"हो. म्हणून तर आधीच करून ठेवलंय."

तो पाकिटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, हे पत्र हरवू शकतं का?"