खतीजाचा नारळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवीला नाही — तिच्यापुढे तर तोंडच उघडत नाही. तुम्हांला सांगते. ऐका.

माझी शेवंती देवीच्या कृपेने जगली, असं अख्खी मांडवी म्हणते. मीच सांगितलं ना तसं! दोन पोरं पाळण्यातच गेली होती आणि हिच्या वेळी मला दूधच उतरेना. सासू देवीला साडीचोळी बोलली. पोर बाळसं धरू लागली. — पण दूध कुणाचं होतं? कुंपणापलीकडच्या खतीजाचं. दुपारी सासूचा डोळा लागला की शेवंतीला पदराखाली घेऊन मी तिच्या मागच्या पडवीत जायची. तीन महिने. एका अंगाला आपली लेक, दुसऱ्या अंगाला माझी घेऊन ती बसायची आणि हसायची, "ही तुझी बया भारी हावरी गो!" बाहेर कुठे एका शब्दाने बोलली नाही. मीही नाही. सासूने माहेरी धाडलं असतं, असं मी मनाला सांगते. खरं म्हणजे देवीची कृपाच मला सोयीची होती.

पुढच्या वर्षी आगोट तोंडावर आली. पावसाआधी सगळी गलबतं वाळूवर ओढून झापांनी शाकारली. खतीजाच्या नवऱ्याचा मचवा तेवढा नाही. तो त्यावरचा तांडेल, मलबारहून कौलं घेऊन निघालेला.

एका सकाळी ती मागच्या दारी आली. डोळे सुजलेले. हातात नारळ — शेंडी राखून नीट सोललेला. देवीचा नारळ असा सोलतात, हे तिने कुणाला विचारलं असेल?

"बाय, पिराला चादर बोलले. आता तुझ्या देवीला सांग. तुझं ती ऐकते."

तुझं ती ऐकते! हे तिने म्हणावं?

आमच्याकडे गुरव नारळ मुकाट्याने ठेवत नाही. चार माणसांत मोठ्याने गाऱ्हाणं घालतो — कुणाचा नारळ, कशासाठी. मी गेले. देवळात सासूच्या जोडीच्या बायका बसलेल्या. खतीजाचं नाव घेतलं की विचारणार, तिचं तुला काय गो एवढं? माझ्या नावाने ठेवावा, तर माझा नवरा मुंबईत गिरणीला. दर्यात माझं कोण? मी पायरीवरूनच मागे फिरले.

घरी येऊन न्हाणीच्या दगडावर नारळ फोडला. एका भकलाला कुंकू लावलं — बघा, कुंकूसुद्धा लावलं मेलीने — आणि पानात बांधून तिला प्रसाद म्हणून दिलं. "घातलं गाऱ्हाणं. तुझं नाव घेऊन." तिने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, एक तुकडा लेकीला भरवला. मग रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

मचवा आला नाही. फळीसुद्धा लागली नाही किनाऱ्याला.

गाऱ्हाणं घातलं असतं तर आला असता? दर्या काय नारळाने थांबतो? पण ते ठरवणारी मी कोण? तिने जन्मात एकदाच काही मागितलं होतं.

शेवंतीचं आता लग्न ठरलंय. परवा खतीजा कुंपणाशी येऊन म्हणाली, "माझ्या वाईट दिवसांत तू देवीच्या दारात उभी राहिलीस, मी विसरले नाही हां." मी मान डोलावली.

दुसरं भकल? ते मी त्याच दुपारी खवलं आणि बांगड्याच्या कालवणात घातलं. कालवण चांगलं झालं होतं. मी दोनदा भात घेतला.