बत्तीसशेची पट्टी आन् माझा भाऊ मन्मथ

माझा भाऊ मन्मथ अहमदपूरला कॉम्प्युटर बनवायचा आन् दुरुस्त करायचा. स्टँडच्या मागं दुकान होतं, अठरा वर्षं चालवलं. ह्या श्रावनात अटॅक आला आन् गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता.

मी त्याची थोरली बहीन, शिवम्मा. माझे मालक वारल्यावर माहेरी आले, तव्हापासून रोज त्याच्यासंगं दुकानात जायचे. चौथी शिकलेली हाय. झाडायचं, पेचकस हातात द्यायचा, डब्बा खाऊ घालायचा. बघून बघून मला बरंच कळायलं होतं.

मन्मथ बोलायचा कमी. कुनी म्हनलं, "अप्पा, लातूरला स्वस्त भेटायलंय," तर म्हनायचा, "मग तिकडंच घ्या. बिघडलं की इकडं आना." चहा लई प्यायचा. जुना पार्ट नवा म्हनून त्यानं कव्हा कुनाला घातला न्हाई, हे मी डोळ्यानं बघितलंय.

मागच्या साली दिवाळी झाल्यावर सुदर्शननं आमच्याकडून नवा कॉम्प्युटर बनवून नेला. सुदर्शन शिरूर अनंतपाळचा, लग्नाचे व्हिडिओ करतो. महिना व्हायच्या आत एक दिवस सकाळीच कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, गाडीत घालून दुकानात हजर. टेबलावर ठेवला आन् उभ्यानंच म्हनला, "अप्पा, रॅमवर बत्तीसशे लिहिलंय. माझ्या मशिनीत चोवीसशेच दाखवायलंय. नकली माल घातलात का?"

रॅम म्हंजे दोन बोटं रुंद, लांब पट्टी असती. काम चालू असताना कॉम्प्युटर सगळं तिच्यावर ठेवतो. बत्तीसशे हे तिचं पळायचं स्पीड.

मन्मथ म्हनला, "बस तर आधी. अक्का, चहा सांग."

"चहा नको. आमचा फोटोग्राफरांचा ग्रुप हाय, दोनशे जन हायेत. सांजच्यापर्यंत बत्तीसशे दिसलं न्हाई तर मी सगळं ग्रुपवर टाकतो."

आमच्याकडं येनारे निम्मे लोक हे फोटोवालेच. पन मन्मथला धंद्याचं न्हाई लागलं. नकली हा शब्द लागला. त्याचे कान लाल झाले. मी चहा सांगितलाच.

पट्टीवर बत्तीसशे छापलं म्हनून मशीन आपोआप तेवढी पळत न्हाई. चालू करताना आतल्या सेटिंगमधी जाऊन तिला सांगावं लागतंय. मन्मथनं देतानाच ते केलं होतं. आता बघितलं तर सेटिंग बंद.

"तुम्ही हात लावला का कुनी?"

"मी कशाला लावू? मला लग्नाचा व्हिडिओ जोडायला येतंय, तुमची डॉक्टरकी न्हाई."

मन्मथनं सेटिंग परत चालू केली. मशीन चालू झाली, बंद पडली. परत चालू, परत बंद. तीन टाइम तसंच झालं. मग आपली चोवीसशेवर येऊन बसली. बत्तीसशे झेपंना की ती सोताच खाली उतरती, असं मन्मथ म्हनला. त्यानं बोर्डाचा कागद काढला. बोर्ड बत्तीसशे घेतो, प्रोसेसर बी घेतो. मशिनीत दोन पट्ट्या होत्या, त्यांचे खाचे बघितले, दुसरा आन् चौथा, जोडीला पायजेत तेच. मग दोन्ही पट्ट्या काढल्या आन् एकाच खाच्यात एकेक लावून बघितली. पहिली बत्तीसशेवर मस्त पळाली. दुसरी लावली की पडदा काळा.

सुदर्शननं टाळी वाजवली. "सापडली का नकली?"

"दोन्ही एकाच पाकिटातून निघाल्यात. सख्ख्या भावातला एक खरा आन् एक खोटा कसा निघंल?"

"निघतंय की अप्पा. आमच्या घरी येऊन बघा."

मन्मथला बी हसू आलं, पन थोडंच. घड्याळवाल्याचं भिंग होतं त्याच्याकडं, ते डोळ्याला लावलं. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक सोनेरी दात असतेत, तेच खाच्यात बसतेत. लई येळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला पट्टी दिसली. चार-पाच दातांवर पांढरं वाळून बसलेलं.

भस्म होतं ते.

आमच्या दुकानातून नवी मशीन निघाली की मी तिच्या डब्ब्याला भस्म लावायचे. तीन बोटं, कपाळाला लावतो तसं. सुदर्शनची मशीन बनायली होती तव्हा मन्मथ केबल आनायला गेला होता. पट्ट्या टेबलावर उघड्या पडलेल्या. मला वाटलं, भायेरून तर रोजच लावतो, खरं काम तर आतली चीज करती, तिला बी लावावं. एकीला लावलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, दुसरी राहिली. भस्म ओलं असताना दिसत न्हाई, वाळल्यावर उमटतंय. वाळायच्या आत मन्मथनं येऊन पट्टी बसवली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्योच बोलला.

"सुदर्शन, चूक माझी हाय. नव्या मशिनीला आमी भस्म लावतो. माझा हात ओला होता, पट्टीला लागलं."

"अप्पा! डब्ब्याला लावतेत ते म्या बघितलं होतं. रॅमला बी?"

"झालं खरं."

खोडरबरानं त्यानं दात घासले. खाचा ब्रशनं आन् स्पिरिटनं साफ केला, वाळू दिला. दोन्ही पट्ट्या बसवल्या. पडदा काळाच. मग उजेड आला. बत्तीसशे. मन्मथनं तरी लगेच दिली न्हाई. दोन तास टेस्ट लावून ठेवली. तवर सुदर्शन आमच्यासंगं भाकरी खात बसला, ठेचा मागून मागून.

जाताना त्यानं ग्रुपवर टाकलं, "माल असली हाय. अप्पांनी रॅमला भस्म लावलं होतं, सोता कबूल केलं." दोनशे जनांनी हसायची चित्रं टाकली. तव्हापासून नाव पडलं भस्मवाले अप्पा. धर्माबादचा एक फोटोवाला तर फोन करून विचारायचा, "अप्पा, पट्टी भस्माची हाय का बिनभस्माची?"

त्या सांजला शटर वढताना मी विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तू उद्यापासून दुकानात आली नसतीस अक्का."

"आन् तुला हसायलेत त्ये?"

"हसू दे की. नकली तर म्हनत न्हाईत."

मी लावायची थांबले न्हाई, त्यानं थांबवलं बी न्हाई. फक्त पट्ट्या झाकून ठेवायला लागला.

मन्मथ गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुदर्शन आला. आंगनात बसलेल्या मानसांना त्यानं ही गोष्ट सांगितली. "अप्पांनी उभ्या जन्मात एकच चूक केली, ती बी कबूल केली," असं म्हनला आन् रडला. मान्सं बी रडली. त्याचं मन चांगलं हाय. पन मला बसवलं न्हाई. मी त्याला बाजूला घेतलं.

"सुदर्शन, ती बी त्यानं केली न्हाई. भस्म मी लावलं होतं."

मग म्हनला, "जाऊ द्या अक्का. आता कशाला? मानूस गेला."

"गेला म्हनूनच. त्यो असता तर मला सांगू दिलं नसतं."

"मग तुमीच लिहा. मी टाकतो ग्रुपवर."

म्हनून मोबाईलवर लिहायलेय, चार दिवस झाले. चुकलं असंल तर सांभाळून घ्या. भस्म शिवम्मानं लावलं, मन्मथनं न्हाई. हसायचं असंल तर मला हसा.