बांध आला!

आंदर मावळातली आमची कोमल मोबाइलात बघून मूनवॉक शिकली. घरातल्या सारवलेल्या भुईवर, नवऱ्याचे मोजे घालून ती मागं सरकायची आणि पाठ भिंतीला टेकली की थांबायची.

सासू झुंबरबाई करवादली, "पुढं चालाया काय धाड भरली? जत्रंत पडलीस तर नाच कायमचा बंद!"

जत्रेतलं स्टेज म्हणजे जोडून लावलेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, वर फळ्या. कडेला कठडा नाही, आणि भिंत तर नाहीच. गाणं लागलं, कोमल मागं सरकत निघाली. शिट्ट्या वाढल्या तसा तिला जोर चढला. फळी संपत आली. "थांब, थांब," लोक ओरडले, पण तिला वाटलं, कौतुकच चाललंय.

तेवढ्यात खालून खणखणीत हाक आली, "कोमल, बांध आला!"

आवणीत भाताची रोपं लावताना बाया मागं मागं सरकतात, तेव्हा पाठीशी बांध आला की झुंबरबाई सुनेला अशीच हाक द्यायची. कोमलचे पाय जागीच रुतले. एक टाच फळीबाहेर होती.

खाली उतरल्यावर ती घाबरत म्हणाली, "आत्याबाई, पडले न्हाई."

"व्हय, बघितलं. मोजं धुवून ठेव. फुडल्या जत्रंला लागतील."