गणेशच्या मायचं नाव

आज सकाळी देवपूजा आटोपून मी आमच्या भजनी मंडळाची वेबसाइट करायला बसलो. मोर्शीजवळच्या आमच्या गावचं हे लहानसं मंडळ. सभासदांची नावं भरताना गणेशच्या मायपाशी येऊन थांबलो. वीस वर्षं त्या आमच्यात टाळ वाजवतात, पण त्यांचं नाव मला ठाऊकच नव्हतं.

विचारायला गेलो, तर त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“काकू, वेबसाइटवर टाकायले तुमचं नाव पायजे.”

“कोन्तं? माहेरचं का इकडचं?”

लग्नात गोदावरी झालेल्या काकू माहेरी शकुंतला होत्या.

“शकुंतला टाक बाप्पा. माह्या शाळेतल्या मैत्रिणी बार्शीटाकळीले हायेत. त्यायले गोदावरी कोन, काय मालूम?”

तिथंच बसलेला गणेश भडकला. “भाऊ, असं नोका करू. गावात कोनी ओयखन काय तिले? कागदावर गोदावरी हाये.”

“मंग कागदालेच टाळ वाजवाले लाव!” काकू म्हणाल्या.

काय करावं ते कळेना. घरी येऊन देवासमोर बसलो. देव त्यांना कोणत्या नावानं ओळखत असेल? मग माझ्या आईचं माहेरचं नाव आठवून पाहिलं. तेही मला माहीत नाही, आणि आता विचारायला आई नाही.

तुम्हाला तुमच्या आईचं ठाऊक आहे का? आई असेल तर आजच विचारा.

गणेश रागावेल, पण मी आत्ताच ‘शकुंतला’ लिहून वेबसाइट सुरू केली.