दह्याच्या डब्यातला हिवाळा

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला राहत होतो, तेव्हा माझ्या चाळिशीतल्या नवऱ्याने साप पाळला. केशरी, बिनविषारी, हातभर लांब. नागपुरात लहानपणी सापामागे धावल्याबद्दल ह्यांनी वडिलांचा मार खाल्ला होता. अमेरिकेत अडवणारं कोणी नव्हतं. मी होते, पण माझं ऐकतंय कोण!

हिवाळा तोंडावर आला तसा ह्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. असे साप थंडीत न खातापिता अंधारात पडून राहतात, आणि पहिल्या हिवाळ्यात कितीतरी दगावतात, असं साप विकणाऱ्या दुकानदाराने सांगून ठेवलं होतं. तळघरात खोकं ठेवायचं ठरलं. पण त्यात अंथरायचं काय, आणि ते ओलं किती ठेवायचं? जेवतानाही तोच विषय.

"कोरडं ठेवा," मी म्हटलं. "आपला कढीपत्ता बघा. थंडीत तो तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरतो." जर्सीच्या बर्फात कढीपत्ता जगवलेल्या बाईशी वाद घालायची कोणाची छाती होत नाही. ह्यांनी मुकाट्याने लाकडाच्या कोरड्या ढलप्या अंथरल्या.

काही आठवड्यांनी सापाच्या अंगावर सुरकुत्या दिसल्या, सैल मोज्यासारख्या. भिंतीपलीकडच्या, घर तापवणाऱ्या फर्नेसने हवा पार सुकवून टाकली होती.

"तुझा कढीपत्ता!" हे ओरडले आणि झाडांवर पाणी फवारायची बाटली त्यांनी खोक्यात अख्खी रिकामी केली. पुढच्या आठवड्यात झाकण उघडलं तर ओल्या गोणपाटाचा कुबट वास. ओलीत पडून सापाची छाती भरते हे मला ह्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"अगं, पुस्तकात 'स्लाइटली मॉइस्ट' लिहिलंय."

"स्लाइटली म्हणजे किती?"

इंजिनिअर नवऱ्याने पुस्तक पुन्हा चाळलं, आकडा कुठेच नव्हता. चेहरा इतका उतरला की माझा राग कुठल्या कुठे पळाला.

मी कुंड्यांसाठी आणलेलं वाळवलेलं शेवाळ भिजवलं आणि पिळून काढलं. कांदेपोह्यांना पोहे भिजवतो तितपत ओलं. हाताला ओल लागावी, पण दाबलं तर थेंब गळू नये. फ्रिजमधून दह्याचा डबा काढला. आमच्याकडे त्या डब्यांत दही सोडून सगळं असायचं, त्या दिवशी आमटी होती. ती पातेल्यात ओतली, डबा धुतला, झाकणाला साप शिरेल एवढं भोक पाडलं आणि आत शेवाळ भरलं. खोक्यात नव्या कोरड्या ढलप्या घालून मधोमध तो डबा ठेवला.

"कोरडं हवं तर बाहेर बसेल, ओलं हवं तर आत जाईल," मी म्हटलं. "त्याचं त्याला ठरवू द्या."

दुसऱ्या रविवारी बघतो तर साप डब्यात! "जीनियस आहेस यार!" हे म्हणाले आणि आम्ही दोघं तळघरात लहान मुलांसारखे नाचलो. चाळिशीतली माणसं, सापापायी! किती मजा आली होती.

पण झोपलेला साप आणि मेलेला साप दिसायला सारखेच. थंडीभर ह्यांच्या मनात तीच धास्ती होती. मार्चमध्ये खोकं वर आणलं, दोन दिवस उबेत ठेवलं, तरी आत काही हलेना. तिसऱ्या दिवशी ह्यांचा झाकणाकडे हातच जाईना.

"तूच बघ," ते म्हणाले.

मी तोवर सापाला कधी शिवले नव्हते. डब्याचं झाकण काढलं आणि डोळे मिटून आत हात घातला. गुळगुळीत, गार, निपचित. ह्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. वाईट वाटलं, फार वाईट. आणि मग माझ्या बोटाभोवती काहीतरी हलकेच आवळलं गेलं.

हात बाहेर काढला तो सापासकट. अंग भरलेलं, एकही सुरकुती नाही, जीभ लवलवतेय.

"अहो, घ्या की," मी म्हटलं. "तुमचा आहे ना?"

पण ह्यांचे दोन्ही हात डोळे पुसण्यात गुंतले होते. मग मीच त्याला धरून उभी राहिले.